पाव इंची बोल्ट, जुन्या बाजारातले स्केट्स आणि एक हट्टी ट्रॉली

तीनपायी (धागाकर्ता)

पाव इंची बोल्ट आणि सहा एमएमचा बोल्ट शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक फक्त ०.३५ मिलीमीटरचा. तो मला सव्वातीन हजारांना पडला, म्हणून घरी बनवलेल्या शूटिंगच्या सामानाच्या या गोष्टीची सुरुवात त्यानेच करतो.

कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी जे भोक असतं त्याचे आटे इंचाच्या हिशेबातले असतात : व्यास पाव इंच, इंचाला २० आटे. दुकानात 'सहाचा बोल्ट द्या' म्हटलं की मेट्रिक सहा हातात पडतो. तो भोकात जातो, दोन-अडीच फेऱ्यांत अडकतो आणि आपल्याला वाटतं की छान घट्ट बसला. खरं तर त्याचे आटे एक मिलीमीटरवर आणि कॅमेऱ्याचे १.२७ वर, त्यामुळे धरलेला असतो तो एखाद-दुसऱ्याच आट्याला. माझा कॅमेरा असाच मित्राच्या गच्चीवर तीन फुटांवरून खाली आला. बॉडी वाचली, किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत येते ती) मान वाकडी झाली.

पुण्यात चित्रपटाचा कोर्स करतोय, दुसरं वर्ष. कॉलेजात सामान आहे, पण आमच्या वर्षाच्या वाट्याला ते महिन्यातून दोन दिवस येतं. माझ्याकडे सेकंडहँड कॅनन ६००डी आहे आणि हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी सायकलवरून दहा मिनिटांवर. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस काहीतरी बनवायला घेतोच. वर्षभरात जे केलं ते लिहितो. जाणकारांनी चुका काढाव्यात.

ट्रॉली : म्हणजे कॅमेरा ठेवून रुळांवरून ढकलायची गाडी. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या बाजारात एका रविवारी चारचाकी स्केट्सच्या दोन जोड्या मिळाल्या, पट्टे कुजलेले, चाकं मात्र ठणठणीत. दोन जोड्या म्हणजे सोळा चाकं. चाकातलं बेअरिंग ६०८ नंबरचं, आतलं भोक आठ एमएम, म्हणजे आठचा बोल्ट आरपार जातो आणि १३ च्या पान्याने आवळता येतो. लोखंडी अँगलचे चार तुकडे कापले, उलट्या 'व्ही'सारखे पाटाखाली बसवले, प्रत्येकावर चार चाकं. पाट म्हणजे अठरा एमएम प्लायवूड, सुताराकडचा उरलेला तुकडा. खाली रूळ म्हणून दीड इंची पीव्हीसी पाइप, दहा-दहा फुटांचे. व्ही पाइपवर बसतो, ट्रॉली उतरत नाही.

पहिली अडचण जोडाची. दोन पाइप एकमेकांना टेकवले की तिथे चाक 'टक्' करतं आणि फ्रेम उडी मारते. आत लाकडी दांडा घालून टोकं काटकोनात घासली, तेव्हा आवाज निम्मा झाला. मग एका बाजूचा पहिला पाइप मुद्दाम पाच फुटांचा केला, म्हणजे दोन्ही बाजूंचे जोड एकाच वेळी चाकाखाली येत नाहीत. आता धक्का जाणवतो, दिसत नाही. दुसरी अडचण उन्हाची. एप्रिलमध्ये डांबर लावलेल्या गच्चीवर पाइप तासभर पसरून ठेवले आणि चहा पिऊन आलो तर पाइपांची केळी झाली होती.

तिसरी अजून सुटलेली नाही. ट्रॉली मध्येच अडखळते. कधी सुरेख जाते, कधी चार फुटांवर जाऊन रुसते. तेल घातलं, चाकं बदलून पाहिली. सुचवा काहीतरी.

स्टेडिकॅम (चालता-पळताना कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) : पीव्हीसीचा टी, खाली अडीच किलोची डंबेलची प्लेट, वर कॅमेरा, मध्ये गोटीपान्याच्या सेटमधला युनिव्हर्सल जॉइंट. ज्याने हे यंत्र जगाला दिलं त्या गॅरेट ब्राउनने सत्तरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाच्या पायऱ्यांवर मैत्रिणीला पळवून नमुन्याचं चित्रीकरण केलं होतं आणि 'रॉकी'तल्या पायऱ्या त्यातूनच आल्या. मी आमच्या सोसायटीच्या जिन्यात धाकट्या भावाला पळवलं. तो दुसऱ्या मजल्यावर दमला, मी पहिल्याच. वजन खाली जास्त ठेवलं की यंत्र लंबकासारखं झुलतं, कमी ठेवलं की कॅमेरा आडवा पडतो. यंत्र आडवं धरून सोडायचं आणि उभं व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दोन-अडीच सेकंद आले की जमलं. माझं पाऊण सेकंदात उभं राहायचं, म्हणजे घड्याळाचा लंबकच. प्लेट वर सरकवत दोन सेकंदांवर आणलंय. तरी वळताना जॉइंट कुरकुरतो आणि क्षितिज तिरकं होतं.

लेन्स : पडलेल्या किट लेन्सच्या जागी जुन्या झेनिट कॅमेऱ्याची हेलिओस ५८ एमएम मिळाली. कडेला थोडी बुरशी आहे, पण चेहऱ्यांना छान. सोबत अडॅप्टरची पातळ चकती. माझ्या निकॉनवाल्या मित्राने बघून तशीच घेतली आणि फसला. लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत अंतर लागतं ४५.४६ मिमी. कॅननमध्ये ते ४४ आहे, त्यामुळे दीड मिलीमीटरची चकती बसायला जागा उरते. निकॉनमध्ये मुळातच साडेशेहेचाळीस, म्हणजे लेन्स आधीच मिलीमीटरभर पुढे. त्याला आता लांबचा डोंगर कधीच स्पष्ट दिसत नाही, फक्त जवळची माणसं दिसतात. (प्रेमात पडलेल्या माणसाला चालेल असं तो म्हणतो.)

एवढं पुरे. चुका काढा.

---

शेंगदाण्याची चटणी

वाचनखूण साठवली आहे. केळीवाला परिच्छेद वाचून हापिसात हसले, शेजारचा बघायला लागला. फोटो टाका ना ट्रॉलीचे.

---

गॅरेजवाली

तुमची ट्रॉली रुसत नाहीये, तिला दोन नवरे आहेत. :)

दोन्ही बाजूंना व्ही आहे ना? मग दोन्ही पाइप अगदी समांतर असले तरच ती जाईल. पाइप चार फुटांवर दोन मिलीमीटर जवळ आले की दोन्ही व्ही आपापल्या पाइपला धरून बसतात आणि एकमेकांना ओढतात. तेल घालून उपयोग नाही, बेअरिंगचा दोषच नाही.

कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाऊन लेथचा (धातू कातायच्या यंत्राचा) बेड बघा. त्यावर सरकणाऱ्या टेलस्टॉकसाठी एका बाजूची पट्टी व्ही आकाराची असते आणि दुसऱ्या बाजूची सपाट. व्ही दिशा ठरवते, सपाट बाजू फक्त वजन घेते आणि हवं तेवढं आतबाहेर सरकू देते. तुमच्या एका बाजूचे दोन्ही अँगल काढा आणि तिथे चाकं सरळ, आडव्या आसावर बसवा, म्हणजे पाइपच्या फक्त डोक्यावरून चालतील. चाकाची रुंदी तेवढी पुरेल इतपत पाइप समांतर लावले की झालं.

मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करते, कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. पण हे कळतं.

---

नुसता वाचक

प्रामाणिक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्लायडर (कॅमेरा सरकवायची तयार पट्टी) भाड्याने का घेत नाही? चार जणांत वाटून घेतलं तर एका दिवसाचं भाडं तुमच्या प्लायवूड-पाइप-स्केट्सच्या खर्चाहून कमी पडेल. वर्षभर गच्चीवर पाइप घासण्यापेक्षा त्या वेळात दोन पटकथा लिहून झाल्या असत्या. आजकाल प्रत्येक विद्यार्थ्याकडे जुगाडाचे फोटो आहेत, फिल्म कुणाकडेच नाही. राग नसावा.

---

रंकाळ्याचा वारा

वाचक साहेब, असा विचार आमच्या कोल्हापुरात कुणी केला असता तर कॅमेराच झाला नसता बघा.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव पेंटर, दोघेही नाटकाचे पडदे रंगवणारे. आधी प्रोजेक्टर खटपटीनं मिळवला, त्यातनं यंत्र कसं चालतं ते समजून घेतलं आणि कॅमेरा घरीच करायला घेतला. १९१६ ला आनंदराव गेले, काम अर्धवट. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ ला तो पुरा केला. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२० ला 'सैरंध्री' हा सिनेमा. तुम्ही पाइप जोडताय, इथं गड्यांनी अख्खा कॅमेराच जोडला की. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, कधी आलात तर मिसळ खाऊन तिकडं एक फेरी मारा.

---

नुसता वाचक

रंकाळेकर, उदाहरण भारी आहे, पण माझ्याच बाजूचं आहे. पेंटरांकडे दुसरा मार्ग नव्हता. फाळक्यांकडे पैसे होते तेव्हा (म्हणजे विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून झाल्यावर) ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा विकतच घेऊन आले. त्यांनी घरी कॅमेरा बनवला नाही, घरी सिनेमा बनवला.

---

लाइटवाला काका

पोरांनो, भांडू नका. मी बावीस वर्षं मालिकांच्या सेटवर लाइट ओढतोय. दोन्ही खरं आहे. आमच्याकडे लाखाचा लाइट असतो आणि तो मारतो कुणावर? साठ रुपयांच्या थर्माकोलवर. सगळा सिनेमा थर्माकोलवर चालतो.

सुब्रत मित्रांचं नाव ऐकलंय का? सत्यजित रायांचे कॅमेरामन. १९५६ च्या 'अपराजितो'साठी काशीतल्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं. तिथं आकाशाचा मऊ उजेड यावा म्हणून त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि खालून लाइट त्या कापडावर मारले. उजेड परतून खाली आला, सावल्या गेल्या. आज याला बाऊन्स म्हणून शिकवतात. तेव्हा ते कापडच होतं.

आता कामाचं. तीनपायी, तू लाइटबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, म्हणजे घरचे एलईडी बल्ब वापरत असणार. त्यात दोन खोड्या. एक, स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० नाहीतर १/१०० सेकंद ठेव, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५. फोनवर ३० आणि १/६० ठेवून काढलंस की पडद्यावर पट्टे वर-खाली चालताना दिसतील. दुसरी, स्वस्त बल्बात लाल रंग कमी असतो. माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. नायिकेला आधी बल्बाखाली उभी कर, मग मेकअपवाल्याला दोष दे.

उजेड मऊ करायचा बटर पेपर हॅलोजनला चिकटवू नकोस. वीतभर सोडून फ्रेमवर ताण. माझ्यासमोर दोनदा पेटलाय.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. माणसाच्या डोक्यावर जे जाईल ते घरचं नको. जमिनीवरची ट्रॉली अडखळली तर शॉट जातो. वर टांगलेलं काही सुटलं तर काय जाईल? आमच्याकडे वरच्या प्रत्येक लाइटला क्लॅम्प असतो आणि वर वेगळी साखळी. क्लॅम्प सुटला तरी लाइट साखळीवर लटकतो. तुझा सहा एमएमचा बोल्ट गच्चीवर सुटला हे नशीब.

---

तीनपायी

काका, दंडवत. पट्ट्यांचं आत्ता कळलं. मागच्या सेमिस्टरच्या फिल्ममध्ये अख्खा स्वयंपाकघराचा सीन पट्ट्यांनी खाल्ला होता आणि मी ट्यूबला शिव्या देत होतो.

साखळीचं वाचून जरा गार झालो. खरं सांगायचं तर पुढचा बेत हाच होता : गच्चीच्या कठड्यावरून पीव्हीसीची जिब (कॅमेरा टोकाला बांधायचा लांब दांडा) बाहेर काढून खाली चौकातला शॉट. प्लॅन रद्द. भाड्याने घेऊ किंवा सरळ गॅलरीतून ट्रायपॉडवर काढू.

नुसता वाचक, राग बिलकुल नाही. तुमचं निम्मं पटलं. स्टेडिकॅमवर माझे चार महिने गेले आणि त्यातले वापरण्याजोगे शॉट तीन. तो खरंच भाड्याने घ्यायला हवा होता. आज फोनचा गिंबल (मोटरने फोन स्थिर धरणारा दांडा) त्याहून बरं काम करतो. पण ट्रॉलीचं तसं नाही. ती खोलीत पडून असते, त्यामुळे आम्ही कुठल्याही मंगळवारी रात्री सराव करतो. कॅमेरा कधी हलवायचा नाही हे मला ट्रॉली फुकट मिळाल्यावर कळलं. भाड्याची असती तर पैसे वसूल करायला प्रत्येक शॉटमध्ये ढकलली असती.

गॅरेजवाली ताई, उद्याच एक बाजू उघडतो.

---

व्हीलचेअरची नात

माझ्या आजोबांची व्हीलचेअर रिकामी होती. कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी आम्ही तीच वापरली. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या 'ब्रेथलेस'चा (१९६०) कॅमेरामन राउल कुतार व्हीलचेअरवर बसून शूट करायचा हे मला नंतर समजलं, त्यामुळे प्रेरणा वगैरे काही नाही, खुर्ची दारात होती एवढंच.

अनुभव : लाद्यांच्या फरशीवर प्रत्येक फटीला टक् टक् होतं. मागच्या मोठ्या चाकांतली हवा थोडी कमी केली आणि कॅमेरा हातात धरला, मांडीवर ठेवला नाही, तर बरंच सुधारतं. ढकलणारा मात्र निवडून घ्या. आमचा उत्साही होता, त्याने मला तुळशी वृंदावनात घातलं.

---

शेंगदाण्याची चटणी

सगळे चित्राबद्दलच बोलताय. आवाजाचं काय? गेल्या महिन्यात एका महाविद्यालयीन महोत्सवात अकरा फिल्म पाहिल्या, त्यातल्या आठांमध्ये माणसं विहिरीत बोलत होती. स्लॅबच्या खोलीत माइक कॅमेऱ्यावर ठेवला की असंच होणार.

मी हौशी नाटकवाल्यांचे पॉडकास्ट रेकॉर्ड करते. माझं साधन म्हणजे सासरच्या घरची घोंगडी. अस्सल, जाड, काळी, बोचणारी. बोलणाऱ्याच्या समोर आणि बाजूला, फ्रेमच्या बाहेर, कपडे वाळवायच्या दोरीवर टाकायची. खोली एकदम शांत होते. चादरीने होत नाही, तिच्यात जीव नसतो. बाहेर शूटिंग असेल तर माइकवर सॉफ्टटॉयचं केसाळ कातडं शिवून घाला, वाऱ्याची फरफर जाते. माझ्या भाचीचं अस्वल सध्या नागडं आहे.

---

रंकाळ्याचा वारा

अस्वलाच्या आत्म्याला शांती लाभो.

---

तीनपायी

ताजी बातमी. गॅरेजवाली ताईंनी सांगितलं तसं डाव्या बाजूचे दोन्ही अँगल काढले. तिथे आठ एमएमच्या बोल्टावर दोन-दोन चाकं सरळ बसवली, मध्ये वॉशर, शेवटी दोन नट एकमेकांवर आवळून. उजवी बाजू तशीच. पाइप मुद्दाम तिरके लावून पाहिले, एका टोकाला दुसऱ्यापेक्षा सेंटीमीटरभर जवळ. ट्रॉली एका बोटाने वीस फूट गेली. मी परत ढकलली. परत गेली. आईने खालून ओरडून विचारलं, वर काय चाललंय, तेव्हा बाराव्यांदा ढकलत होतो.

एकच नवी गोष्ट : आता डावीकडे चारच चाकं, म्हणजे त्या बाजूला वजन जास्त पडलं तर पाइप दबतो. ट्रायपॉड थोडा उजवीकडे सरकवून ठेवतो.

---

गॅरेजवाली

बघा! दबतो तिथे पाइपखाली लाकडी पट्टी ठेवा, सलग. आणि रोज एका बोटाने ढकलून बघायचं. दोन बोटं लागली की चाकात केस अडकलेले असतात, नक्की.

---

नुसता वाचक

अभिनंदन. आता फिल्म?

---

तीनपायी

आहे आहे. पण आधी एक छोटी.

तुम्ही फाळक्यांचं काढलंत म्हणून. सिनेमासाठी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत पेरलेल्या बीची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती, 'अंकुराची वाढ'. मला भांडवल देणारं कुणी नाही, पण आई बुधवारी मटकी भिजवते. ती फडक्यात न बांधता थोडी बशीत, ओल्या कापसावर मागून घेतली.

६००डीमध्ये ठरावीक वेळाने फोटो काढायची सोय नाही, मॅजिक लँटर्न हे बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून ती मिळवली. दोन मिनिटांना एक फोटो, छत्तीस तास, म्हणजे १०८० फोटो, म्हणजे २५ च्या हिशेबाने ४३ सेकंद. बशी कपड्यांच्या कपाटात ठेवली, कारण खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो. आत एकच बल्ब, कायम चालू. हेलिओसच्या मागे एक एक्स्टेन्शन रिंग (लेन्स पुढे सरकवणारं कडं), कारण ती अर्ध्या मीटरच्या आत फोकस करत नाही. या लेन्सचा एक फायदा नंतर लक्षात आला : छिद्र हाताने ठरवायचं, त्यामुळे ते प्रत्येक फोटोला किंचित वेगळं उघडत नाही आणि चित्र लुकलुकत नाही.

सगळं ठीक होतं, बॅटरी सोडून. ती दर काही तासांनी संपते आणि ६००डीचं बॅटरीचं झाकण बुडाला आहे, नेमकं ट्रायपॉडच्या प्लेटखाली. म्हणजे प्रत्येक वेळी कॅमेरा काढा, बॅटरी बदला, परत बसवा. कितीही सांभाळून बसवला तरी मटकी फ्रेममध्ये केसभर उडी मारते. ४३ सेकंदांत चार उड्या. मोड मात्र अप्रतिम आलेत. आधी साल फाटतं, मग एक पांढरा नाकासारखा तुकडा डोकावतो आणि सतराव्या सेकंदाला सगळ्या जणू ठरवून एकदम वळतात.

शनिवारी पुन्हा काढतोय, यावेळी बॅटरीच्या जागी बसणारा प्लगवाला अडॅप्टर घेऊन. तो विकतचा. घरी करणार नाही, आईने सांगितलंय आणि लाइटवाल्या काकांनीही सांगितलं असतं.

---

लाइटवाला काका

सांगितलंच असतं. कपाटात बल्ब छत्तीस तास आणि शेजारी कपडे? एलईडीच आहे ना? तरी एक फळी रिकामी कर.

---

तीनपायी

एलईडी, नऊ वॉटचा. साड्या आधीच हलवल्यात. काका, तरी आज दुसरी फळीही करतो.

---

व्हीलचेअरची नात

धाग्यावर उशिरा विचारते, पण ट्रॉलीवर अजून विचार चालू असेल तर : आमच्याकडेही करायची आहे, आणि ठाण्यात स्केट्स कुठे मिळतात ते माहीत नाही. सुटी चाकं घेतली तर चालतील का, की बेअरिंग वेगळं पाहावं लागेल?

---

तीनपायी

सुटी चालतील. फक्त दुकानात बेअरिंगमध्ये बोल्ट घालून बघ. ६०८ च लिहिलेलं हवं. आठचा बोल्ट हाताने गेला पाहिजे आणि डुगडुगता कामा नये. येत्या रविवारी जुन्या बाजारात जाणारच आहे. त्या माणसाकडे अजून एक जोडी होती, एक चाक कमी. पंधरा दिवसांपूर्वी तरी होती. ठेवू का तुझ्यासाठी?